सकाळचं पहिलं पाऊल

हस्ताची एक सर पहाटेच येऊन गेली होती. परभणीच्या कन्याशाळेमागचं मैदान अजून ओलं होतं, कडुलिंबाखाली तर पाण्याची थेंबगळ चालूच होती. मनकर्णा गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर आली. मुली यायला अवकाश होता. पाहते तो कुंपणालगतच्या दगडावर एक उंच, सावळा तरुण बसलेला. एका पायातली वहाण काढून ठेवलेली, आणि टाचेच्या वरची शीर दोन बोटांच्या चिमटीत धरून तो दाबत होता.

"हे मुलींच्या शाळेचं मैदान आहे," ती म्हणाली.

"ठावं हाय, बाई. सडकंनं पळत होतो. पाय धरला म्हनून टेकलो जरा... हे बगा, उठलोच."

तो उठला. एक पाऊल टाकलं आणि पुन्हा दगडावर बसला. लाजून हसला. मनकर्णाला रागावायचं होतं, पण ते काही जमलं नाही.

"चिमटीत धरल्यावर गाठ लागते? आणि सकाळी उठल्यावर पाय टेकवत नाही?"

"तुमाला कसं कळलं?"

"हैद्राबादला ड्रिलच्या ट्रेनिंगला होते तेव्हा मलाही झालं होतं. बरं वाटलं म्हणून घाईनं पळाले आणि वर्षभर कण्हत बसले." ती थांबली. "तुम्ही तसं करू नका."

त्याचं नाव वैजीनाथ. चुडाव्याचा. घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि ती करणारा थोरला भाऊ, लिंबाजी. हा परभणीला सरकारी फार्मावर रोजानं कामाला होता आणि पोलिसात जायचं म्हणून पळत होता. मागच्या भरतीच्या वेळीच ही टाच धरली, आणि पळणं सुटलं ते सुटलंच. आता हिवाळ्यात पुन्हा भरती होती. पुढच्या वर्षी वय बसणार नव्हतं.

"म्हंजे ह्या साली न्हाई तर कदीच न्हाई," तो म्हणाला.

मनकर्णानं त्याला पळणं बंद करायला सांगितलं. आधी नुसतं चालायचं. त्या गाठीवर तेल लावून रगडायचं नाही. पायताणात टाचेखाली चामड्याचा एक तुकडा घालून घ्यायचा, म्हणजे शिरेला ताण कमी. आणि मग तिनं शाळेच्या पायरीवर उभं राहून दाखवलं — चवडे पायरीच्या कडेवर, टाचा बाहेर मोकळ्या. दोन्ही पायांवर वर व्हायचं, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच अगदी सावकाश खाली सोडायची. लुगड्याचा काठ सावरत ती वर-खाली होत होती, आणि वैजीनाथ टाचेकडे पाहायचं सोडून भलतीकडेच पाहत होता.

"लक्ष कुठंय तुमचं?"

"हितंच हाय की..."

आवारात झाडणारी कडूबाई खराटा थांबवून पदराआड हसली.

मग रोज शाळा भरायच्या आधी तो त्या पायरीवर येऊ लागला. कडूबाई झाडत असायची, म्हणून बोलणाऱ्यांची तोंडं बंद होती. थंडी पडली, ज्वारी पोटऱ्यात आली, तेव्हा मनकर्णानं त्याला थोडं थोडं पळू दिलं. मऊ मातीवर, एक दिवस पळायचं, एक दिवस सोडायचं. थोडं दुखलं तर चालेल. लंगडावं लागलं तर थांबायचं.

"पण पळताना तर काईच दुखत न्हाई," तो कुरकुरला. "उलट मोकळं होतंय."

"तिथंच माणूस फसतो. शीर तापली की गप्प बसते. दुसऱ्या दिवशी झोपेतून उठून पहिलं पाऊल टाकाल ना, तेव्हा खरं काय ते कळतं. म्हणून मी तुम्हाला रोज सकाळचंच विचारते."

"आन् मी खोटं सांगितलं तर?"

"मला कसं कळणार? तुम्ही सकाळी उठता ते मला थोडंच दिसतं?"

वैजीनाथ पायरीवरून सावकाश खाली आला. तिच्याकडे न पाहता म्हणाला, "दिसंल अशी यवस्था करावी लागंल मंग..."

मनकर्णाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काहीतरी करायचं म्हणून तिनं शिट्टी तोंडात धरली, आणि मैदानावर कुणीच नसताना फुंकली. तो इतका हसला, की तिलाही हसू आवरेना.

त्यानंतर दोघांनाही काही वेगळं सांगायची गरज उरली नाही. तो फार्मावरून हरभऱ्याचे हिरवे घाटे आणायचा, आणि ती ते सोलता सोलता त्याच्या पळण्याच्या चुका काढायची. कधी बोटाला बोट लागायचं... मग बराच वेळ दोघंही घाट्यांकडेच बघत बसायची.

मनकर्णाचे वडील व्यंकटराव तहसिलीत कारकून होते. मुलीला हैद्राबादला शिकायला धाडणारा माणूस, पण लग्नाच्या बाबतीत त्यांचा जीव टांगणीला लागला होता. सेलूच्या एका वकिलाकडून विचारणा आली, तेव्हा मनकर्णानं हिंमत करून वैजीनाथचं नाव घेतलं. ते रागावले नाहीत. बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"पोरगा वाईट नाही म्हणतेस, मानतो मी. पण आज रोजावर आहे. भरती होऊ दे, मी स्वतः चुडाव्याला जातो. नाही झाली तर संक्रांतीनंतर सेलूची माणसं येतील. मग नाही म्हणू नको."

दुसऱ्या दिवशी पायरीवर तिनं ते सगळं त्याला सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं पुढं तिला फार वेळा वाटलं.

वैजीनाथ नुसतं "बरं" म्हणाला. त्या दिवसापासून त्याचं पळणं वाढलं. सोडायच्या दिवशीही तो सडकेला दिसतो, असं कडूबाईनं सांगितलं.

"सकाळी कसं होतं?" मनकर्णानं विचारलं.

"बिलकुल मोकळं."

"खरंच?"

"तुमच्या गळ्याची आन."

ते बोलून तो निघाला. पायऱ्या उतरताना कठड्याला धरून आडवा उतरला, एकेक पाय जपत. मनकर्णानं ते पाहिलं. हाक मारायला तिनं तोंड उघडलं... आणि मिटलं. भरती आठवड्यावर आली होती. आता थांबा म्हटलं तर तो थांबला असता, आणि मग सेलू. आठ दिवस निभेल, तिनं मनाशी म्हटलं. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे.

भरतीच्या दिवशी मैदानाच्या कडेला ती कडूबाईबरोबर उभी होती. वैजीनाथ सुरुवातीपासून पुढं होता. काय सुंदर पळत होता तो... त्या ओल्या सकाळी दगडावर बसलेला माणूस हाच, हे कुणाला खरं वाटलं नसतं. शेवटच्या फेरीत तो तिच्यासमोरून गेला, तेव्हा त्यानं किंचित मान वळवून पाहिलंही.

पुढच्या वळणावर काहीतरी फाटकन वाजलं. वैजीनाथ थबकला. कुणी मागून लाथ मारली की काय, तसं त्यानं वळून पाहिलं. मागं कुणीच जवळ नव्हतं. मग तो खाली बसला. बाकीची पोरं त्याच्या बाजूनं पळत पुढं गेली.

शीर तुटली होती. दवाखान्यात गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, आणि लिंबाजी त्याला गाडीनं चुडाव्याला घेऊन गेला. त्याचा काही निरोप आला नाही.

संक्रांत जवळ आली, तशी मनकर्णा कडूबाईला सोबत घेऊन एका दुपारी चुडाव्याच्या स्टेशनावर उतरली. घर शोधावं लागलं नाही. वैजीनाथ अंगणात बाजेवर पाय लांब करून बसला होता. तिला पाहताच त्यानं पायावर घोंगडी ओढली.

"कामून आल्या तुमी?"

"तुम्ही येत नाही म्हणून."

तो घोंगडीच्या दशा ओढत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "म्या खोटं बोललो तुमाला. रोज सकाळी भिंत धरून उठत होतो. तुमच्या गळ्याची खोटी आन घेतली."

"मला माहीत होतं," मनकर्णा म्हणाली. "तुम्हाला पायऱ्या उतरताना पाहिलं मी. मी गप्प राहिले. मलाही घाई झाली होती."

त्यानं वर पाहिलं. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि दोघांनाही ते लपवायचं नव्हतं.

"मी बाबांशी भांडेन," ती म्हणाली. "नोकरी नसली तर नसली. माझा पगार आहे."

"अन् लंगडा नवरा कुबडी घिऊन तुमच्या शाळेच्या दारात उभा ऱ्हाईल... न्हाई. मला ते व्हायचं न्हाई. तुमी सेलूला हो म्हना."

"मनापासून म्हणताय?"

"हो."

ती उठली. कडूबाई तिच्याकडे पाहत राहिली, पण मनकर्णा पुन्हा काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर मात्र तिला वाटलं, खाली उतरावं, परत जावं, बाजेशी बसून राहावं, तो हो म्हणेपर्यंत. गाडी बदलायचं पूर्णा स्टेशन येईपर्यंत ती तेच ठरवत होती. पूर्णेला परभणीची गाडी उभीच होती. तिनं ती धरली.

सेलूचं घर चांगलं निघालं. वकील शांत स्वभावाचे होते. शाळा सुटली, मूल झालं, दिवस भरून जाऊ लागले.

महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात मनकर्णा जिंतूरकडच्या एका लग्नाहून परतत होती. देवगाव फाट्यावर मोटार बदलायची होती. मांडीवर मुलगी झोपलेली, शेजारी पत्र्याची ट्रंक. सडकेचं काम चालू होतं, आणि खडी पसरणाऱ्या माणसांत उभा असलेला मुकादम वळला...

"बाई?"

तोच. केसांत थोडी पांढरी आली होती. चालत जवळ आला, चांगला सरळ चालत.

"बरे आहात?" तिनं विचारलं.

"हाव. सडकंच्या कामावर लागलो. दोन पोरं हायत." मग मुलीकडे पाहून म्हणाला, "तुमच्यावाणीच दिसती."

"आणि पाय?"

"वर्साच्या आतच बरा झाला. तुमी दाखवलं तसं करीत ऱ्हायलो पायरीवर, प्लास्टर निघाल्यावर. आता पळतो बी कदी कदी."

वर्षाच्या आत. मनकर्णानं मुलीच्या कपाळावरचा घाम पुसला. तो उगाच दोनदा पुसला.

वैजीनाथ लांब धुळीकडे पाहत म्हणाला, "त्या दिशी तुमी आणखी एक डाव म्हनल्या असत्या ना, मी हो म्हनलो असतो. तुमी अंगणाभाईर पडल्या अन् मी उठून उभा बी ऱ्हायलो होतो, त्या प्लास्टरवर. पर हाक काई निघली न्हाई."

"मी पूर्णेपर्यंत परत फिरायचं ठरवत होते," ती हळूच म्हणाली.

सेलूची मोटार आली. माणसं धावली, कालवा झाला. वैजीनाथनं ट्रंक उचलली आणि टपावर चढलेल्या क्लीनरकडे द्यायला हात वर केले. टप उंच होता. तो चवड्यांवर झाला, टाचा उचलल्या, आणि त्या जड ट्रंकेचा सगळा भार क्षणभर त्या पायानं पेलला... जराही न थरथरता.

मनकर्णा मुलीला खांद्यावर घेऊन पाहत राहिली. मग मोटारीत चढली, आणि खिडकीशी जागा असूनही आतल्या बाजूला बसली.