द्रोणागिरीचा कॉम्प्युटर

"आधी सगळं पूस. वाचू नकोस. मागच्या माणसाचं एक अक्षरही पुढच्याच्या हाती जाता कामा नये."

विनायकराव गेले, तरी त्यांचा हा आवाज कुमुदताईंच्या कानात तसाच होता. कामोठ्यातल्या सोसायटीच्या जिन्याखालच्या खोलीत त्या नवऱ्याचंच काम चालवत होत्या. कचेऱ्यांनी टाकलेले कॉम्प्युटर आणायचे, डिस्क न वाचता कोरी करायची, फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाकायची आणि गरजू मुलींना द्यायचे. रोजची पोथी, एकादशी, तसंच हेही व्रत.

त्या दुपारी एकच कॉम्प्युटर उरला होता, खाडीकाठच्या द्रोणागिरीतल्या एका बंद गोदामातून आलेला. तो शेजारच्या सायमासाठी होता. उद्या सकाळी तिची नोकरीची ऑनलाइन परीक्षा होती आणि मोबाइलवर ती देता येत नव्हती.

सोसायटीचे सेक्रेटरी इंद्रजीत दारात उभे राहिले. "ताई, खोली आज रिकामी हवी. संध्याकाळी भंगारवाला येतोय. बंद असेल ते सगळं त्याचं."

"आणि चालू असेल ते?"

"हा डबा? हा चालू झाला तर मी स्वतः सायमाच्या घरी उचलून नेईन!"

"मग कंबर सांभाळा," कुमुदताई हळूच म्हणाल्या.

त्यांनी डब्याला हळदीकुंकू लावलं, डिस्क पुसली, लिनक्स टाकली, सायमाचं नाव घातलं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. पडद्यावर नाव होतं: शांती.

हात चुकला असेल. त्यांनी पुन्हा सगळं पुसलं. पुन्हा शांती.

मग त्यांनी डिस्कच काढून टेबलावर ठेवली आणि नुसत्या पेनड्राइव्हवर तो चालू केला.

शांती.

खोलीत ओल्या गोणपाटाचा, खारट वास दाटला. कीबोर्डची बटणं आपोआप दबू लागली. पडद्यावर भराभर ओळी उमटत गेल्या.

कुमुदताईंनी पडदा भिंतीकडे फिरवला.

"परक्याचं मी वाचत नाही, बाई. सांगायचं असेल तर तोंडानं सांग."

बटणं थांबली. पंखाही थांबला.

"रोडपालीला माजी लेक हाय." आवाज डब्यातून आला. त्या डब्याला स्पीकर नव्हता. "न जेवता वाट बगते. तिला सांगा, मी आता गोदामातनं परत येनार नाय. जेवून घे म्हनावं."

 कुमुदताईंनी गळ्यातली जपमाळ मुठीत घट्ट धरली.

"सांगते. आजच सांगते. पण हा कॉम्प्युटर सायमाचा. तिच्या परीक्षेच्या आड आलीस, तर गाठ माझ्याशी आहे."



मग पंखा फिरला.

डिस्क जागेवर बसवून त्यांनी लिनक्स पुन्हा टाकली. पडद्यावर सायमाचं नाव आलं. भंगारवाला यायच्या आत इंद्रजीत डबा छातीशी धरून कण्हत निघाले. मागून कीबोर्ड घेऊन सायमा. "कुमुदखाला, पास झाले की पहिला फोन तुम्हाला!"

"आधी पेपर दे," म्हणत कुमुदताईंनी चपला घातल्या आणि नाक्यावर रिक्षा केली.

"रोडपालीत कुठं सोडू, ताई?"

"तळ्यापुढची पिवळी इमारत. गेट मागच्या बाजूनं आहे."

रिक्षा वळताना ओल्या गोणपाटाचा तोच वास आला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं: पत्ता त्यांनी शांतीला विचारलाच नव्हता. तरी तिसऱ्या मजल्यावरचं डावं दार त्यांना दिसत होतं. बेल जुनी आहे, दोनदा दाबल्याशिवाय वाजत नाही, हेही ठाऊक होतं.