दुसऱ्याच्या घराची चावी

चावी तुटली तेव्हा ती चौथ्यांदा कुलूप बघायला जिना चढून आली होती.

अर्धी चावी हातात, अर्धी कुलपात… आणि आत गॅस बंद केलाय की नाही, ते आता देवालाच ठाऊक. छातीत धडधड सुरू झाली. नशीब, चार वर्षांची लेक – सगळ्यांची खारूताई – बालवाडीत पोचली होती.

शेजारच्या काकूंनी फोन केला आणि नाक्यावरचा चावीवाला आला. हातात पत्र्याची पेटी, कानावर पेन्सिल, आणि चालण्यात कसलीही घाई नाही. त्याने चावीचा तुकडा उजेडात धरला.

"किती वर्षांची?"

"दीड."

"ही? दहा वर्षं वापरल्यासारखी झिजलीय. घरात माणसं किती, मॅडम?"

"दोघीच."

त्याने मान वर करून एकदाच तिच्याकडे पाहिलं… आणि पुढे काही विचारलं नाही. ते न विचारणंच तिला आवडून गेलं.

दार उघडताच ती आत धावली. गॅस बंद होता. तिने पुन्हा पाहिलं. मग आणखी एकदा. बाहेर आली तेव्हा तो मुद्दाम पाठ करून कोरी चावी कानशीने घासत बसला होता.

"दादा, तुम्ही एखादी जास्तीची चावी बनवून… ठेवणार नाही ना?"

"दुसऱ्याच्या घराची चावी जवळ ठेवायची नाही. वडिलांनी घालून दिलेला नियम आहे." तो थांबला. "आणि दादा नका म्हणू. मी मॅडम सोडतो, तुम्ही दादा सोडा."

तिला हसू आलं. महिनाभरात पहिल्यांदा.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी नवरा 'येतो गं' म्हणून गेला, तो परतलाच नाही. रस्त्यावरचा अपघात. तेव्हापासून भीती तिच्या घरी बिऱ्हाड करून राहिली होती. कुलूप, गॅस, खारूताईचं कपाळ – सगळं तीन-तीनदा बघायचं. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. तिथे गोळ्यांची पाकिटं तीनदा तपासणं गुणात धरलं जाई. घरी मात्र तेच अंगाशी येत होतं. दुकानात पोचायला रोज उशीर होई आणि मालक घड्याळाकडे बघून नुसतेच खाकरत.

चावीवाल्याचं दुकान तिच्या वाटेवरच होतं. नवी चावी जरा अडते, म्हणून ती एकदा थांबली. मग न अडताही थांबू लागली, कधी खारूताईलाही घेऊन.

"एक सांगू?" तो एकदा म्हणाला. "कुलूप लावताना मोठ्याने बोलायचं. आज मंगळवार, अंगात निळा ड्रेस, कुलूप लावलं. डोळे फसवतात, पण आपलंच बोलणं कानांच्या लक्षात राहतं."

"लोक वेडी म्हणतील."

"म्हणू देत. वेळेवर पोचलेली वेडी बरी."

दुसऱ्या दिवशी तिने जिन्यात बोलून पाहिलं. काकूंनी दार उघडून विचारलं, "कुणाशी गं?" पण ती दोनदाच परत फिरली.

मग त्याने तिच्या हातात कानस दिली आणि एक कोरी चावी. "कानस पुढे नेताना श्वास सोडायचा… लांब. मागे आणताना घ्यायचा. श्वास रोखला की हात हलतो, आणि हात हलला की चावी गेली." रोज पाच मिनिटं ती घासत बसे. धड चावी कधीच होत नसे, पण छातीतली धडधड खाली बसे. मान वर केली की तो आपल्याकडेच बघतोय, असं वाटे… आणि तो लगेच पेटीत काहीतरी शोधू लागे.

"चाव्या झिजतात, की झिजवतात?" काकू विचारत.

एवढं होऊनही शेजारच्या गल्लीत चोरी झाली, तशी ती त्याला म्हणाली, "दाराला आतून आणखी एक कडी हवी. घट्ट. सहज सरकता कामा नये."

"आतली कडी चोराला अडवत नाही हो, घरच्यांनाच अडवते."

"मला झोप येत नाही," ती एवढंच म्हणाली.

त्याने कडी बसवली.

आठवडाभराने, रविवारी सकाळी, गॅसवर दूध ठेवून ती क्षणभर बाहेर आली. दार ओढून बघायला. एकदा, दोनदा, तीनदा… आणि आतून खर्रकन आवाज आला.

"खारूताई, कडी काढ बाळा."

"निघत नाहीये."

दार तोडावं, तर लेक दाराला चिकटून स्टुलावर उभी. काकू फोनकडे धावल्या. चावीवाला आला तो पळत. या माणसाला घाई करताना तिने पहिल्यांदाच पाहिलं.

फटीतून करवतीचं पातं घालून त्याने कडी कापायला घेतली. आतून करपल्याचा वास येऊ लागला.

"आई, दूध वर आलंय. मी बघू?"

"नाही!" आवाज चिरकला. तिने डोळे मिटले. श्वास सोडला… लांब. "स्टुलावरून खाली उतर. दाराजवळच्या भिंतीला पाठ टेकून बस. तुला काय काय दिसतंय ते मला सांग. लाल काय दिसतं?"

"माझी चप्पल."

"आणि पिवळं?"

कट्. पातं तुटलं. तिने पाहिलं – त्याचा हात थरथरत होता. कपाळावर घाम. पेटीतून दुसरं पातं काढताना ते त्याच्या हातून निसटलं.

"माझा हात कधी हलत नाही," तो पुटपुटला. "ही कडी मीच बसवली… आत आपली खारूताई आहे…"

आपली. तो शब्द तिने ऐकला, आणि का कोण जाणे, तिचीच धडधड थोडी थांबली. तिने पातं उचलून त्याच्या हातात दिलं आणि त्या हातावर आपला हात ठेवला.

"पुढे नेताना सोडायचा. लांब. माझ्याबरोबर."

मग दोघांनी मिळून श्वास सोडला. पातं सरकलं. आत लेक पिवळ्या वस्तू मोजत होती, बाहेर ही दोघं श्वास.

कडी तुटली. त्याने धावत जाऊन गॅस बंद केला. घरभर धूर, भांडं कोळशासारखं काळं. खारूताई मात्र दाराशी शहाण्यासारखी बसली होती.

"आई, मी तुझ्यासारखंच केलं. तीनदा बघितलं. कडी लागली होती."

तिने लेकीला उचलून छातीशी धरलं, आणि मग तिला रडू आवरेना. भीती वाटू नये म्हणून आपण जे करत आलो, तेच ही पोर शिकत होती.

खिडक्या उघडल्या, धूर गेला. काकू खारूताईला दूध द्यायला घेऊन गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "तुमचं चालू द्या." चावीवाला दारावरचे कडीचे तुकडे काढत होता.

"नवी बसवू?" त्याने वर न बघता विचारलं.

"नको."

"भोकं राहतील."

"राहू देत. मला दिसायला हवीत."

तो पेटी आवरू लागला. आवरून झाली तरी उठेना. "मघाशी… आपली म्हणालो. तोंडातून गेलं. रागावलात?"

तिने कपाटातून दुसरी चावी आणली, त्यानेच त्या पहिल्या दिवशी जोडीला घडवून दिलेली, अजून न वापरलेली. ती त्याच्यापुढे धरली.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "कुलपाची नाही. सकाळी गेलेलं माणूस संध्याकाळी येईल ना, याची. ही भीती जाईलच असं नाही."

"नाही गेली तरी चालेल," तो हळूच म्हणाला. "मी रोज येऊन दाखवीन. पण ही चावी… आमचा नियम आहे."

"दुसऱ्याच्या घराचा ना?" तिने चावी त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटली. "मग नियम कुठे मोडतोय?"