आमच्याआधी येऊन गेलेली

आर्णीच्या एका शाळेत मी इतिहास शिकवते आणि थंडीच्या दिवसांत रविवारी लोकांना कवठाळा दाखवते. कवठाळा हे अरुणावतीच्या काठचं जुनं शहर. आज तिथं थोडी घरं, एक पिठाची गिरणी आणि भोवती तुरीची शेतं एवढंच उरलंय. महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ, पीरबाबांचा दर्गा, टेकडीच्या पोटातली बुद्धलेणी आणि नदीवरचं कवठाईदेवीचं देऊळ, हे सगळं एका दिवसात पायी बघून होतं. मी कुठल्या देवाला हात जोडत नाही. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरी ते बंद आहे. पण दगड मला आवडतात आणि ते लोकांना दाखवायलाही आवडतं.

गेल्या जानेवारीतली गोष्ट आहे. पुसदचं एक कुटुंब येणार होतं, त्यांचं आदल्या संध्याकाळी रद्द झालं. राहिले फक्त दोघं, जवळच्या तांड्यावरचे लखीराम राठोड आणि त्यांची बायको धनीबाई. काका एसटीत ड्रायव्हर होते. माझ्या ईको गाडीत पुढच्या सीटवर बसले आणि प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जायचा. मावशी मागे, खिडकीशी. लाल ओढणी, तिच्या काठाला आरशांचे तुकडे. सगळा रस्ता त्या काहीच बोलल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, "पुष्पानं दाखवतो म्हणलं होतं हे सगळं गाव."

"होय," काका म्हणाले, आणि बाहेर बघत राहिले.

महादेवाच्या देवळात सकाळचं ऊन अजून आत आलं नव्हतं. दगड पायाला बर्फासारखा लागत होता. खांबाजवळ एक जाड सतरंजी दोन घड्या घालून टाकलेली होती. देवळाचे गुरव उकंडाजी फुलं निवडत बसले होते. ते म्हणाले, "बसा मावशी. तुमची पोरगी आत्ताच सांगून गेली, आईचे गुडघे दुखतात, खाली दगडावर बसू देऊ नका म्हणून."

काका थांबले. "आमच्या संगं कोणी नाही, बुवा."

"पांढऱ्या बुटातली हो. नर्स असल काय? सतरंजी तिनंच टाकली."

दुसऱ्या कुणाची तरी असेल, असं मी म्हटलं. रविवारी नागपूरची माणसंही येतात. मावशी मात्र सतरंजीवर बसल्या, तिच्या घडीवरून हात फिरवला आणि हसल्या. त्यांचं हसू मी पहिल्यांदा पाहिलं.

दर्ग्याकडे जाताना मावशी पुढे चालत होत्या. काका मुद्दाम मागे रेंगाळले आणि मला हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आमची पुष्पा नर्स होती. नागपूरले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. बॉडी गावाले आणूच देल्ली नाही. हिनं तिचं तोंड पाह्यलं नाही."

"मावशींना माहीत आहे?"

"सांगतलं ना. पण त्याच्यानंतर हिचं असं विसरणं सुरू झालं. सकाळी उठली का इचारे, पुष्पा कवा येते जी? मी सांगो. दर खेपेले पहिल्यांदा आयकल्यासारखी रडे. मंग मी सांगणं सोडून देल्लं. येते म्हणतो आता."

त्यांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली.

दर्ग्याच्या ओट्यावर चिंचेची सावली होती. मुजावरांच्या सुनेनं आम्हाला बघताच मातीचा माठ पुढे सरकवला. गार पाणी, वर ओला फडका. "अम्मा, पाणी घ्या. तुमची बेटी आत्ताच विहिरीवरून भरून ठेवून गेली. म्हणे, अम्मी बाहेरचं पाणी पीत नाही."

"कशी होती दिसायला?" मी विचारलं.

"कॉलेजवाली. पाठीवर ब्याग, केस मोकळे. असल अठरा-एकोणीसची." ती मावशींकडे बघून म्हणाली, "हनुवटी अगदी अम्मासारखी."

फडक्यातून पाण्याचे थेंब गळत होते. ते ओट्यावर पडून अजून पसरत होते.

काकांनी मला चिंचेमागे नेलं. त्यांचा आवाज शांत होता. "हे तुम्ही ठरवून केलं काय, मॅडम? आमाले बरं वाटावं म्हणून?"

मला राग आला असता, पण खरं सांगायचं तर त्याच क्षणी मीही त्यांच्याबद्दल तेच म्हणत होते मनात, की बायकोसाठी या माणसानं आधी येऊन सगळ्यांना शिकवून ठेवलंय. "नाही काका," मी म्हटलं. "मला पुष्पाचं नावसुद्धा आज सकाळी कळलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली.

लेण्यांना जायला टेकडीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तिथं नेहमी पानांचा खच असतो, पाय घसरतो. त्या दिवशी तळापासून वरपर्यंत पायऱ्या स्वच्छ झाडलेल्या होत्या. राखणदार घनश्याम खाली दगडावर तंबाखू मळत होता.

"आज फार मेहनत केली, घनश्याम," मी म्हणाले.

"मी कुठं, ताई? एका पोट्टीनं झाडल्या. शाळेच्या ड्रेसमधी होती, दोन येण्या, लाल फिती. मी म्हणलं, कायले झाडतं वं बाई? तं म्हणे, माही याडी येऊन राह्यली, पडन ते." याडी म्हणजे आई. बंजाऱ्यांच्या बोलीतला तो शब्द घनश्यामनं जसाच्या तसा उच्चारला. "वरतेच असल पाहा. खाली उतरली नाही."

मी पळतच वर गेले. तिन्ही लेणी पाहिली. बाहेर यायला दुसरी वाट नाही, हे मला पक्कं माहीत आहे. आतल्या दालनात बुद्धमूर्तीसमोर खराटा भिंतीला टेकवलेला होता. आत वारा नव्हता, तरी तो किंचित हलत होता. मी त्याला हात लावला तेव्हा थांबला.

मावशी एकेक पायरी चढून आल्या, न अडखळता. मूर्तीसमोर उभ्या राहून त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "मारी छोरी. लय काम करते." माझी छोकरी.

काका अर्ध्या पायऱ्यांवरच बसले होते. मी खाली आले तेव्हा म्हणाले, "आता परत जाऊ, मॅडम."

"कवठाई राहिली आहे, काका."

"म्हणूनच म्हणतो. पह्यले नोकरीवाली, मंग कॉलेजवाली, आता फिती बांधलेली. तिथं गेल्यावर काय उरन?" त्यांनी नदीच्या दिशेनं पाहिलं. "लग्नाले लय वर्षं झालती, पोरबाळ नव्हतं. हिनं कवठाईजवळ पदर पसरला. तिथूनच मागून आणली होती पुष्पाले. मले तिले आखीन एक डाव गमवायची नाही."

ते बोलत होते तेवढ्यात लाल ओढणी आमच्या बाजूनं खाली उतरून गेली. मावशी नदीच्या वाटेला लागल्या होत्या. त्यांना कुणी वाट दाखवली नव्हती. काकांनी हाक मारली. त्या वळल्या नाहीत. मग काका उठले आणि मागोमाग निघाले. मी त्यांच्या मागे.

नदीची वाट कवठाच्या झाडांमधून जाते. दुपार कलली होती. खाली पडलेल्या फळांचा आंबूस वास होता आणि पाचोळा आमच्या पायांखाली वाजत होता. एका झाडाशी मावशी थांबल्या. वाकल्या. दोन्ही हात पुढे केले आणि जमिनीवरून काहीतरी उचलावं तशा सावकाश उभ्या राहिल्या. मग ओढणी खांद्यावरून पुढे घेऊन छातीशी गुंडाळली.

त्यांची चाल बदलली. एका अंगाला ओझं असलं की बाई जशी चालते, तशा त्या चालू लागल्या.

काका माझ्या शेजारी होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

कवठाईच्या ओट्याखाली जयाबाई नारळ विकते. मी तिला विचारलं, "आमच्या आधी कोणी आलं होतं का गं?"

"नाही ताई. सकाळपासून तुमीच पह्यले." मग ती मावशींना म्हणाली, "मावशी, नदीचा वारा आहे. लेकराचं तोंड झाका."

मावशींनी ओढणीचं टोक वर ओढून घेतलं.

देवीसमोर जायच्या आधी नदीवर हातपाय धुतात. मावशी काठाशी आल्या, पाण्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या.

"बाई, जरा धरतं?"

मी हात पुढे केले. का, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी ती गुंडाळलेली ओढणी माझ्या खांद्यावर ठेवली, आणि माझा हात आपोआप तिच्याखाली गेला.

ओढणी गरम होती.

तिला वजन होतं. माझ्या मानेजवळ ओलसर, बारीक वाफ लागत होती. थांबून, पुन्हा.

मी खाली पाहिलं नाही. नदीकडे बघत राहिले.

काका जवळ आले. त्यांनी एका बोटाची मागची बाजू ओढणीला लावली. जिथं गाल असतो तिथं.

"पुष्पा," ते म्हणाले.

मावशींनी तोंड धुतलं, हात घागऱ्याला पुसले आणि आल्या. ओझं त्यांनी माझ्याकडून अलगद काढून घेतलं, डोकं आधी, मग बाकीचं. पायऱ्या चढून त्या देवळात गेल्या. ते देऊळ एवढंसं आहे, आत एकच माणूस मावतं. आम्ही बाहेर उभे राहिलो.

त्या बाहेर आल्या तेव्हा ओढणी डोक्यावर होती. आरसे चमकत होते. हात मोकळे.

"झोपली होती," त्या म्हणाल्या. "उठवलं नाही. जिथून आणली तिथं देऊन आली."

त्या ओट्यावर काकांच्या शेजारी बसल्या.

"तीन वर्षं होतीन ना जी तिले, जाऊन?"

काकांनी मान हलवली.

"मले कायले सांगतलं नाही?"

"सांगतलं होतं, धने. तुले आठोत नव्हतं."

"आता राहीन आठोन," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी काकांचा हात आपल्या मांडीवर घेतला. मग दोघंही रडले, मोठ्यानं नाही. मी जयाबाईजवळ जाऊन उभी राहिले, तिनं मला न विचारता नारळ फोडून पाणी दिलं.

परतताना मावशी सगळा रस्ता बोलत होत्या. पुष्पाला दात कधी आले, ती तुरीच्या शेंगा कशी हिरव्याच खायची, नोकरीच्या पहिल्या दिवशी रडली कशी. काका मधून मधून हसून दुरुस्त करत होते. तांड्यावर त्यांना उतरवलं तेव्हा मावशींनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

घरी मी कुणालाच काही सांगितलं नाही. थकवा, ऊन, दोन दुःखी माणसांची सोबत, अशी कारणं मी स्वतःला देत झोपले.

सकाळी आई धुण्याचे कपडे वेगळे करत होती. माझी आई, इंदूबाई, पाच लेकरांची आई. मी चहा गाळत असताना तिनं कालचा माझा कुर्ता उचलला आणि खांद्याशी थबकली.

"काल कोणाचं लेकरू घेतलं होतं वं खांद्यावर?"

मी गाळणी तशीच धरून उभी राहिले. कुर्त्यावर पांढुरका, वाळलेला डाग होता.

आईनं तो नाकाशी नेला. तिचा चेहरा मऊ झाला.

"अंगावरचं दूध आहे," ती म्हणाली. "पोटभर पेलं होतं बिचारं."