निरोगी माशाचं औषध

लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस इमारतीच्या गच्चीची किल्ली मागायला मामांच्या शोभेच्या माशांच्या दुकानात शिरला, आणि किल्ली विसरून एका टाकीच्या काचेपाशीच उभा राहिला. खाऱ्या पाण्यातला पिवळाधमक टँग मासा आदल्याच दिवशी आला होता.

"हा मला द्या."

"तीस दिवसांनी," मामांची भाची म्हणाली. नवे मासे तीच तपासायची. मामा तिला 'तपासनीस बाई' म्हणत, आणि तिचा शब्द दुकानात शेवटचा. "तोवर वेगळ्या टाकीत राहील. अंगात परजीवी असले तर तुमच्या घरचे सगळे मासे जातील."

"एवढी स्थळंसुद्धा कुणी पारखत नाही."

"म्हणूनच फसतात."

दुसऱ्या दिवशी तो परत आला. तिसऱ्याही. ती त्याला बघायला शिकवू लागली — अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आहेत का, कल्ले धापा टाकल्यासारखे हलतात का, मासा नळीला अंग घासतो का. काचेशी दोन डोकी जवळ यायची...

"ग्रीसचा वास येतो तुम्हाला."

"तुम्हाला समुद्राचा. सांगा, फायद्यात कोण?"

मासा ठणठणीत होता. हीच तर पंचाईत. अठ्ठाविसाव्या दिवशी तिने मनाशी हिशेब मांडला — दोन दिवसांनी मासा जाणार, आणि माशामागोमाग हासुद्धा.

"काल अंग घासताना दिसला," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "औषध घालावं लागेल. अजून दोन आठवडे... तरी."

"तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच."

परजीवी मारणारं तांब्याचं जहाल औषध पाण्यात पडलं. आठवड्याभरात टँगने खाणं सोडलं, पोट खपाटीला गेलं. लिफ्टवाला रोज काचेला नाक लावून बसायचा.

"तुमची शिकवणी वाया गेली बघा," एका संध्याकाळी तो ओशाळून म्हणाला. "मला एक ठिपका दिसत नाही. माझीच नजर कच्ची."

हे मात्र तिला सोसवेना.

"नजर पक्की आहे तुमची. त्याला काही झालंच नव्हतं. तुमचं येणं थांबेल म्हणून मी..."

तो काचेपासून मागे सरला.

"मी माशासाठी येत होतो असं वाटलं तुम्हाला?" त्याने हत्यारांची पिशवी उचलली. "तिसाव्या दिवशी विचारणार होतो. पण... चालू लिफ्टवर मी 'बंद आहे' लिहिलं, तर चौथ्या मजल्यावरच्या आजी जिने चढतात हो. गंमत म्हणूनसुद्धा लिहिलं नाही कधी."

"चुकलं माझं."

"हो," तो म्हणाला. रागावला असता तर परवडलं असतं.

तिने तेव्हाच पाणी बदलायला घेतलं. रोज शेवाळाचं पान टाकीत लावलं, रोज ते तसंच बाहेर काढलं. सहाव्या दिवशी टँगने पानाचा लचका तोडला. तिने लगेच त्याला फोन लावला.

"खाल्लं त्याने. आत्ता, माझ्यासमोर."



"खरंच?" त्याने विचारलं. अगदी सौम्यपणे.

इतक्या दिवसांत तिच्या शब्दावर हा प्रश्न त्याने पहिल्यांदाच विचारला होता.