हॅरल्डसाहेबांच्या नावचा निरोप

"...तो गोरा मास्तर मोठ्या खानदानातला आहे. त्यांच्यात म्हणे भाऊ मेला, की दारात एक माणूस..." एवढंच कानावर आलं आणि बोलणाऱ्या दोघांना घेऊन लिफ्ट वर गेली.

फखरुन्निसाला अर्धी बातमी पचत नसे. दुपारी पापलेटचं सालन घेऊन ती समोरच्या हॅरल्डसाहेबांकडे गेली.

कुवेतच्या खैतान वस्तीवर धुळीचं वादळ बसलं होतं. भर दुपारी काचा विटकरी झाल्या होत्या. विलायतेत भाऊ अत्यवस्थ, साहेबांची बॅग भरलेली, पण विमानं बंद. तरीही ती आत येताच सत्तरीचा तो माणूस उठून उभा राहिला. बत्तीस वर्षं इथे शिकवलं, स्वतःचा कचरा स्वतः खाली नेला, घराण्याबद्दल कधी चकार शब्द नाही. याला म्हणतात खानदान.

"भाऊ बॅरोनेट आहे," ते मोडक्या हिंदीत म्हणाले. "तीनशे वर्षांची पदवी. त्याला मूलबाळ नाही. तो गेला, की त्याच क्षणी मी 'सर'."

"आणि तो दारातला माणूस?"

ते ओशाळले. "येतो म्हणतात, पदवीचा निरोप घेऊन. तो जो स्वीकारेल, त्याच्या सेवेत मरेपर्यंत राहतो. मला पदवी नको, बाई. भाऊ हवा. नऊ वर्षं बोललो नाही आम्ही."

दारावर टकटक झाली. अदबीने, तीनदा.

फटीतून ओल्या गवताचा वास आला... कुवेतमध्ये, जूनच्या दुपारी.

"सर हॅरल्ड...?" बाहेरून आवाज आला.

साहेब पांढरेफटक पडले. फखरुन्निसा दाराशी गेली. सगळ्या मजल्याची पार्सलं तीच घ्यायची, सवयीने बोलून गेली, "साब घर पे नहीं. जो है, मुझे दे दो."

बाहेरची पावलं लांब गेली.

लगेच फोन वाजला. नर्स होती. भावाचा श्वास थांबला होता. आता त्याने डोळे उघडले, हॅरल्डला विचारतोय. दोघे म्हातारे फोनवर पोरांसारखे रडले.

संध्याकाळी वादळ निवळलं. निघताना साहेबांनी तिच्यापुढे मान झुकवली.

"भाऊ कुठे मेला?" फखरुन्निसा हसत पुटपुटली. "अर्धी तर थापच निघाली."

नवरा ड्यूटीवर, घर कुलूपबंद. ती चावी लावायला वाकली, तर दार आतून हळूच उघडलं. कुणीतरी ते तिच्यासाठी धरून ठेवलं होतं.

"या... लेडी फखरुन्निसा."