झेपदादांची पिवळी फुली

"एक... दोन... अडीच..."

"अडीच काय? सरळ तीन म्हण ना!" भिंतीवर उभी असलेली मुंगी करवादली.

"तीन म्हटलं की तू पडतेस! सकाळपासून सहा वेळा म्हणून झालंय," भोंगा खालून म्हणाला. त्याचं साधं बोलणंही दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायचं, म्हणून तर त्याचं नाव भोंगा पडलं होतं. "मी तुझा मावसभाऊ आहे. तू हाडं मोडून घेतलीस तर मावशी आधी माझी मोडेल!"

मुंगीने उडी मारली आणि समोरच्या भिंतीऐवजी मधल्या जुन्या गादीवर धपकन आपटली. शेजारच्या भिंगने वहीत सातवी रेघ ओढली. भिंगचा चष्मा जाड होता, पण तिच्या नजरेतून काही म्हणता काही सुटत नसे.

"मागच्यापेक्षा वीतभर पुढे," ती म्हणाली. "प्रगती आहे."

"वीतभर!" मुंगी ताडकन उठली. "बाबा तीस फूट जायचे, तीस!"

सुट्टी लागून बारा दिवस झाले होते आणि बारा दिवस मुंगीला एका जागी बसवत नव्हतं. जेवताना पाय हलायचा, पुस्तक उघडलं की दोन ओळींत मिटायचं. कारणही तसंच होतं. तिचे बाबा म्हणजे झेपदादा! लाल अंगरखा घालून या गच्चीवरून त्या गच्चीवर झेप घेणारे, आगीतून आणि पुरातून माणसं काढणारे, अख्ख्या शहराचे झेपदादा! गेल्या वर्षी फुग्यामागे धावत एक चिमुरडी घड्याळाच्या मनोऱ्यावर चढून बसली. झेपदादांनी तिला छातीशी धरलं आणि समोरच्या बाजाराच्या इमारतीच्या सज्ज्यावर झेप घेतली. सज्ज्याचा काठ तुटला. मुलगी वाचली. झेपदादा वाचले नाहीत.

नगरपालिकेने पत्रक काढलं, 'अंदाज चुकल्याने उडी आखूड पडली व काठावर आदळल्याने काठ तुटला.' झालं! सगळे तेच बोलायला लागले.

सगळ्यात वाईट म्हणजे मुंगीच्या आईनेही ते खरं मानलं. ती कपडे शिवायची. त्या दिवशी बाबांचा सत्कार होता आणि त्यासाठी तिने नवा अंगरखा शिवला होता. "खांद्यात घट्ट झाला गं. माझ्याच शिवणीने त्यांचे हात अडले," असं ती एकदाच म्हणाली. तेव्हापासून ती फक्त उशांचे अभ्रे शिवायची. माणसाच्या अंगावर चढेल असं काही मशीनवर घेतच नसे. मुंगीला ते बघवत नव्हतं. एकदा तरी बाबांसारखी झेप घेऊन दाखवायची, असं तिने ठरवलं होतं. त्याने काय होणार होतं, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

आणि आता नगरपालिकेने नवा झेपदादा नेमला होता! व्यायामशाळेतले मास्तर. रविवारी, बरोबर एका वर्षाने, ते मनोऱ्यावरून दोरीला लटकून झोका घेणार, त्याच सज्ज्यावर उतरणार, दोरी सोडणार आणि दोन्ही हात उंच करणार होते.

"चला, बाजारात जाऊ," मुंगी म्हणाली. "मला ती जागा बघायचीय."

"पुन्हा?" भोंगा कण्हला. "काल बघितली, परवा बघितली..."

पण मुंगी निघालीसुद्धा.

बाजाराच्या वरच्या मजल्यावर रंगारीकाका खिडकीतून वाकून डागडुजी केलेल्या त्या सज्ज्याला पांढरा रंग देत होते आणि स्वतःशीच चरफडत होते.

"इथे मेला रंग धरतच नाही! तिसरा हात देतोय. दिला की सुटतो, दिला की सुटतो!"

भिंगने खिडकीतून मान बाहेर काढली. मग तिने मुंगीची बाही ओढली.

"रंग सगळीकडे सुटत नाहीये. नीट बघ. फक्त दोन पट्ट्यांत सुटलाय. एक अशी आणि एक तशी."

"फुली!" मुंगी ओरडली. तिने हात लांब करून नखाने पापुद्रा खरवडला. खाली पिवळी भुकटी होती. तिने बोट नाकाशी धरलं. "खडू आहे. काका, हा बाबांचा खडू आहे!"

आता हे मुंगीलाच माहीत असणार, कारण लहानपणी बाबा तिला सकाळच्या फेरीला न्यायचे. लोकांना वाटायचं, झेपदादा नुसते उडतात. पण ते रोज आधी शहराच्या एकेका भागात तासभर चालायचे. प्रत्येक कठडा, प्रत्येक सज्जा बोटांच्या पेरांनी ठोकून बघायचे. आवाज पोकळ आला की पिवळ्या खडूने मोठी फुली मारायचे. फुली म्हणजे इथे पाय ठेवायचा नाही. शहरात शेकडो सज्जे, सगळे कोण लक्षात ठेवणार? झेप घेण्याआधी ते फक्त फुली शोधायचे.

"काका," मुंगीने विचारलं, "गेल्या वर्षी हा सज्जा कधी रंगवलात?"

"सत्काराच्या आदल्या दिवशी की. नगराध्यक्षसाहेब म्हणाले, पोरांनी रेघोट्या मारून भिंती खराब केल्यात, पाहुणे यायच्या आत सगळं पांढरंशुभ्र करा. तुझ्या बाबांच्याच सत्कारासाठी तर..."

रंगारीकाकांच्या हातातला ब्रश डब्यात पडला.

"अरे देवा," ते मटकन खाली बसले. "मी पुसल्या. त्या सगळ्या फुल्या मी पुसल्या गं पोरी!"

मुंगीला रडू येत होतं, राग येत होता आणि एकीकडे पळत सुटावंसं वाटत होतं. बाबा चुकले नव्हते! ते बरोबर सज्ज्यावर उतरले होते आणि सज्जा त्यांच्या पायाखालून गेला होता. आणि परवा मास्तर तिथेच उतरणार होते!

तिघंही धावत नगराध्यक्षांकडे गेली. साहेब हारांची यादी तपासत होते.

"बाळ, तुझं दुःख आम्ही समजतो," ते यादीवरून नजर न उचलता म्हणाले.

"दुःख नाही, साहेब, सज्जा! सज्जा पोकळ आहे!"

"आमच्या इंजिनियरांनी तपासलाय."

"कुठून?" भिंगने विचारलं.

"खालून. दुर्बिणीने! चांगली परदेशी दुर्बीण आहे."

"पण ठोकून..."

"नव्या रंगाला हात लावायचा नाही! रविवारी झेप होणार म्हणजे होणार. जा, खेळा जा!"

बाहेर येताच भोंग्याने पायरीवर लाथ मारली आणि पाय धरून नाचला. "ऐकणारच नाहीत! आपण लहान ना!"

मुंगी पायरीवरून खाली, खालून वर अशा येरझाऱ्या घालत होती. "ऐकणार नाहीत, पण बघतील. मास्तरांचं वजन किती?"

"ब्याऐंशी किलो," भिंग म्हणाली. "व्यायामशाळेच्या फळ्यावर लिहिलंय."

"मग ब्याऐंशी किलो वाळू लागेल. आणि रंगारीकाकांची दोरी-कप्पी."

रविवारी सकाळी चौक खचाखच भरला. लाल अंगरख्यातले मास्तर मनोऱ्यावर चढले, तिथला कठडा दोन्ही हातांनी धरून उभे राहिले आणि काही केल्या तो सोडेनात. खाली फोटोवाला कॅमेरा लावत होता. मुंगी त्याच्याजवळ गेली.

"दादा, सज्ज्यावर कुणी नसताना फोकस कसा लावणार? क्षणभराचं काम. फोटो हलला तर?"

फोटोवाला दचकला. "खरंच की! साहेब, फोकसला तिथे कुणीतरी उभं हवं हो! नाहीतर फोटोत तुम्ही छान याल आणि झेपदादा धूसर येतील."

"मग करा काहीतरी!" नगराध्यक्ष घाईला आले. "माणूस नको, रंग खराब होईल. एखादं पोतंबितं ठेवा!"

"पोतं तयार आहे, साहेब!" तिघं एका सुरात ओरडली.

गच्चीवर रंगारीकाका वाटच बघत होते. रोज रंगाचे डबे चढवायची तीच दोरी, तीच कप्पी. लाल कापड गुंडाळलेलं वाळूचं पोतं हळूहळू खाली यायला लागलं.

"बाजूला व्हा! सज्ज्याखालून बाजूला व्हाऽऽ!" भोंग्याने आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण ताकद लावली. लोक कानांवर हात ठेवून मागे सरले. खालची जागा मोकळी झाली.

पोतं सज्ज्यावर टेकलं. दोर सैल झाला.

क्षणभर काहीच झालं नाही. नगराध्यक्ष हसून काहीतरी बोलणार, एवढ्यात कडाड् आवाज झाला आणि पांढराशुभ्र सज्जा निम्मा खाली कोसळला! धुळीचा लोट उठला. आत सळई नव्हती, सिमेंट नव्हतं, नुसती भुगा झालेली वीट होती. पोतं दोराला लोंबकळत राहिलं.

मुंगी थेट व्यासपीठावर चढली. तिने माइक हातात घेतला.

"माझे बाबा रोज ठोकून बघायचे! या सज्ज्यावर त्यांनी फुली मारली होती! त्यांच्याच सत्कारासाठी ती रंगवून टाकली! त्यांना फुली दिसली नाही, म्हणून ते तिथे उतरले. त्यांची उडी आखूड पडली नव्हती! बरोबर पडली होती!"

तिने माइक ठेवून दिला.

"मुंगे!" वरून मास्तरांची हाक आली. त्यांचा चेहरा सज्ज्याइतकाच पांढरा पडला होता. "मी आता काय करू गं?"

मुंगीने डोळे पुसले. "मास्तर, जिन्याने खाली या!"

"जिन्याने?"

"हो! एकेक पायरी! घाई करू नका!"

आणि मास्तर जिन्याने खाली आले. दारातून लाल अंगरखा दिसला मात्र, लोकांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की मास्तर लाजून पुन्हा आत जायला निघाले! त्यांना हाताला धरून बाहेर आणावं लागलं.

"मला तीन रात्री झोप नव्हती," ते मुंगीला म्हणाले. "झेपदादा व्हायचं म्हणजे भीती वाटून चालत नाही, असं वाटायचं मला."

"बाबांना खूप भीती वाटायची," मुंगी म्हणाली. "म्हणून तर ठोकून बघायचे."

गर्दीतून वाट काढत आई पुढे आली होती. ती तुटलेल्या सज्ज्याकडे बघत होती, नुसती बघत होती.

"म्हणजे खांद्यात..." ती कशीबशी म्हणाली. "म्हणजे अंगरखा..."

"बरोबर झाला होता गं आई! अगदी मापात होता! तुझं काहीसुद्धा चुकलं नव्हतं!"

आई भर चौकात हमसून हमसून रडली. वर्षभर ती कुणासमोर रडली नव्हती. भोंगा हळूच म्हणायला गेला, "मावशी, नको ना रडू," आणि ते सगळ्या चौकाला ऐकू गेलं. रडता रडता आईला हसू फुटलं.

नगराध्यक्षांनी गळ्यातला हार काढून ठेवला. त्यांनी माइक हातात घेतला, दोनदा घसा खाकरला. लिहून आणलेलं भाषण त्यांनी खिशातच ठेवलं.

"या तीन मुलांनी आज एक जीव वाचवला," ते म्हणाले. "आम्ही मोठ्यांनी तो जवळजवळ घालवला होता. उद्यापासून शहरातला प्रत्येक सज्जा ठोकून बघायचा. कसं ते या मुलांनी आम्हाला शिकवावं, मास्तर आणि मी त्यांच्यामागून फिरू. शाब्बास, पोरांनो!"

टाळ्या सुरू झाल्या, पण त्यांनी हात वर केला. आईकडे वळून ते मान खाली घालून उभे राहिले.

"आणि वहिनी, ते पत्रक मी काढलं होतं. आज सगळ्यांसमोर मागे घेतो. झेपदादांची उडी बरोबर होती. चूक आमची होती."